हिमाचे मापन आणि पैनगंगेचे पाणी

१

नदीत पुढील काही महिन्यांत किती पाणी येईल हे आगाऊ सांगता यावे, ही शेतीवर जगणाऱ्या प्रत्येक समाजाची जुनी गरज आहे. सारा किती धरावा, कालव्यात पाणी केव्हा सोडावे, धरण किती रिकामे ठेवावे, धान्याचे कोठार कधी उघडावे, या सर्व निर्णयांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. पर्वतावरील हिमाचे मापन करून या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सिद्ध झाली व पुढे हिमालयातील नद्यांनाही लागू करण्यात आली. दक्षिणेतील नद्यांचा या रीतीशी काही संबंध नाही असे सामान्यतः समजले जाते. हे समजणे अर्धेच खरे आहे. दख्खनच्या पर्जन्याचे भाकीत करण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न हिमालयातील बर्फाच्या आधारेच झाला होता. म्हणून ज्या नदीच्या खोऱ्यात बर्फाचा कणही पडत नाही अशा एका नदीच्या बाजूने या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

अशी नदी म्हणून पैनगंगा घेता येईल. अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावून ती आग्नेयेकडे वाहते, सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून उतरते, किनवटच्या डोंगराळ व वनमय प्रदेशाला वळसा घालते आणि पुढे वर्धा नदीस मिळते. वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीस जाते. किनवटचा मुलूख पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला. मराठवाड्याच्या मानाने येथे पाऊस बरा पडतो. तरीही उन्हाळ्याच्या अखेरीस पैनगंगेची धार क्षीण होते, पुष्कळ ठिकाणी ती तुटते, आणि इसापूरच्या धरणातून नदीत पाणी सोडावे अशी मागणी काठच्या गावांतून होऊ लागते. त्याच काळात, म्हणजे एप्रिल व मे महिन्यांत, सतलज नदी वितळत्या बर्फाने वाढू लागलेली असते. एकाच देशातील या दोन नद्यांचे वार्षिक चक्र असे परस्परविरुद्ध आहे, आणि दोहोंविषयीच्या भाकिताचे स्वरूपही त्यामुळे मुळातच निराळे आहे.

२

पाण्याच्या मापनाची भारतीय परंपरा जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक हात रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले आहे, आणि सीताध्यक्षाच्या प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाचे प्रमाण द्रोण या मापात दिले आहे. त्यात अश्मक देशाचा उल्लेख येतो. अश्मक हा गोदावरीकाठचा देश. त्याची राजधानी म्हणजे आजचे बोधन असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि बोधन नांदेडपासून फार दूर नाही. किनवटच्या परिसराला सर्वांत जवळचा असा हा प्राचीन पर्जन्याचा आकडा होय.

या आकड्याच्या वाचनाविषयी एक भाषिक मुद्दा नोंदण्यासारखा आहे. मूळ शब्द ‘अर्धत्रयोदश’ असा आहे. शामशास्त्री यांनी आपल्या इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ साडेतेरा असा केला. परंतु संस्कृतात ‘अर्ध’ शब्द क्रमवाचक संख्येच्या आधी आला असता त्या संख्येतून अर्धे वजा करावयाचे असते. ‘अर्धतृतीय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. मराठीतील ‘अडीच’ हा शब्द त्याचाच वंशज आहे. त्याचप्रमाणे ‘अर्धचतुर्थ’ यापासून साडेतीन या अर्थाचा जुना मराठी शब्द ‘औट’ आला. या रीतीने पाहता अश्मकांचे पर्जन्यमान साडेबारा द्रोण ठरते. एका द्रोणाचा हा फरक साऱ्याच्या हिशेबात लहान नव्हे. मापन कितीही काटेकोर असले तरी ते ज्या शब्दात नोंदले जाते त्याचा अर्थ निश्चित नसेल तर ते निरुपयोगी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, याच यादीत अपरान्त, म्हणजे कोकण, आणि हिमाचे प्रदेश या दोहोंचे पर्जन्यमान ‘अमित’ म्हटले आहे. कोकणात पाऊस एवढा पडतो की कुंड पुरत नाही. हिमप्रदेशात जे पडते ते कुंडात मोजण्याजोगे नसते. दोन्ही ठिकाणी मापन थांबते, परंतु दोन निराळ्या कारणांनी, असे समजावयास जागा आहे. बर्फाची उंची मोजून पाण्याचा बोध होत नाही, ही अडचण पुढे सुमारे दोन हजार वर्षे कायम राहिली.

भाकिताची परंपराही जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचे लक्षण सांगून, गर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी वृष्टी होते असे म्हटले आहे. म्हणजे हिवाळ्यातील चिन्हांवरून पुढील पावसाळ्याचे अनुमान करण्याची कल्पना सहाव्या शतकात रूढ होती. मात्र तीत हिमाच्या संचयाला मुख्य स्थान नाही. दख्खनमध्ये ते असणे शक्यही नव्हते. मराठी भाषेतच याची साक्ष सापडते. संस्कृत ‘हिम’ या शब्दाचे मराठीतील स्वाभाविक रूप ‘हिंव’ असे आहे. परंतु हिंव म्हणजे थंडी, बर्फ नव्हे. हिवाळा, हिंवताप हे शब्द थंडीचेच वाचक आहेत. शब्द टिकला, त्यातील वस्तू नाहीशी झाली. पुढे जेव्हा त्या वस्तूस नाव देण्याची गरज पडली तेव्हा मराठीने फारसीतून ‘बर्फ’ घेतला.

३

हिमाचे मापन शक्य कसे झाले हे आता पाहिले पाहिजे. हे कार्य जेम्स एडवर्ड चर्च याने केले. चर्च हा अभियंता किंवा पदार्थवैज्ञानिक नव्हता. अमेरिकेतील नेव्हाडा विद्यापीठात तो लॅटिन भाषेचा प्राध्यापक होता. रेनो शहराजवळील माउंट रोझ या पर्वतावर त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेधशाळा उभारली आणि एक साधे उपकरण तयार केले. हे उपकरण म्हणजे टोकाला दाते असलेली एक पोकळ नळी होय. ती बर्फात जमिनीपर्यंत रोवायची, आत सापडलेल्या बर्फासह बाहेर काढायची आणि काट्यावर तोलायची. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ठाऊक असल्यामुळे वजनावरून तो बर्फ वितळल्यास किती उंचीचे पाणी होईल हे थेट कळते.

या युक्तीचे महत्त्व असे की, बर्फाची उंची फसवी असते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांत पुष्कळदा एक इंचच पाणी असते. वसंताच्या सुमारास दबून घट्ट झालेल्या थरात तेच प्रमाण तीन किंवा चार इंचांपर्यंत जाते. तेव्हा उंची नव्हे, वजन हे खरे माप होय. चर्चने यापुढे आणखी एक पाऊल टाकले. पर्वतावर एकूण किती पाणी आहे हे काढण्याच्या भरीस तो पडला नाही. काही निश्चित जागा ठरवून तेथील दरवर्षीचे माप घ्यावे, त्याची त्याच जागांच्या सरासरीशी तुलना करावी, आणि बर्फ सरासरीच्या जितके टक्के असेल साधारण तितकेच टक्के नदीचे पाणी येईल असे धरावे, अशी ही रीत होती. टाहो सरोवराच्या पातळीवरून काठचे मालक आणि पाणी वापरणारे यांच्यात जो तंटा चालू होता त्यात या रीतीचा प्रत्यक्ष उपयोग झाला, कारण सरोवर किती चढेल हे आधी कळू लागले. १९३५ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने हिमसर्वेक्षणाचे काम एकत्र केले.

या भाकिताचे तर्कशास्त्र नीट लक्षात घेतले पाहिजे. एप्रिल महिन्यात हिमसर्वेक्षक जे मोजतो ते पाणी पडून गेलेले असते. ते पर्वतावर ठेव म्हणून पडलेले असते आणि अद्याप नदीत उतरलेले नसते एवढेच. वसंतात आणखी किती हिमवृष्टी होईल, किती पाणी जमिनीत मुरेल, ऊन कसे पडेल, यांविषयी अनिश्चितता उरतेच. परंतु अंदाजाचा मोठा भाग मोजणीवर उभा असतो. शिलकी धान्य मोजून उन्हाळ्याची बेगमी ठरविणाऱ्या गृहस्थाच्या हिशेबासारखाच हा हिशेब आहे.

४

भारतात हिमाचा उपयोग याहून आधी, आणि अगदी निराळ्या हेतूने, सुरू झाला. १८७५ मध्ये भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली व हेन्री ब्लॅनफोर्ड हा त्याचा पहिला प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तो १८७८ पर्यंत टिकला आणि त्यात लक्षावधी माणसे मेली. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. पावसाचे भाकीत आधी मिळावे ही मागणी अशा रीतीने राज्यकारभाराच्या निकडीतून पुढे आली.

ब्लॅनफोर्डला असे आढळले की, ज्या वर्षी हिमालयात, विशेषतः त्याच्या वायव्य भागात, वसंताच्या अखेरीस बर्फ फार पडतो, त्या वर्षी वायव्येकडील कोरडे वारे दीर्घकाळ वाहतात आणि मैदानात पाऊस कमी पडतो. १८८४ मध्ये त्याने हा संबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. १८८२ ते १८८५ या काळातील त्याचे प्रायोगिक अंदाज बऱ्यापैकी उतरल्यामुळे ४ जून १८८६ रोजी संपूर्ण देशासाठी पहिले नियमित दीर्घकालीन भाकीत प्रसिद्ध करण्यात आले.

ब्लॅनफोर्डच्या या कल्पनेत धाडस होते आणि दूरदृष्टीही होती. परंतु चर्चच्या रीतीपासून ती किती दूर होती हे पाहावे. पहिले अंतर असे की, ब्लॅनफोर्डचा बर्फ तोललेला नव्हता. डोंगराळ भागांतील अधिकाऱ्यांकडून आलेल्या वृत्तांतांवर त्याची मुख्य भिस्त होती. दुसरे अंतर अधिक मूलगामी होते. चर्चच्या हिशेबात जो बर्फ मोजला तोच नदीत पाणी होऊन उतरतो. ब्लॅनफोर्डच्या हिशेबात हिमालयातील बर्फाचा एक थेंबही पैनगंगेत येत नाही. तेथे बर्फ हे पाणी नसून एक चिन्ह आहे, आणि त्या चिन्हावरून हजारो मैल दूर असलेल्या समुद्रावरील वाऱ्यांचे वर्तन अनुमानावयाचे आहे. चर्चच्या हिशेबात बर्फ जितका जास्त तितके नदीला पाणी जास्त. ब्लॅनफोर्डच्या हिशेबात बर्फ जितका जास्त तितका पाऊस कमी.

या दोन रीतींत भेद न करण्याचे परिणाम १८९९ साली दिसून आले. ब्लॅनफोर्डनंतर जॉन इलियट याने भाकिताच्या आधारांत हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील परिस्थितीचीही भर घातली होती. १८९९ च्या पावसाळ्याविषयी त्याचा अंदाज आशादायक होता. प्रत्यक्षात त्या वर्षी भीषण अवर्षण झाले आणि छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिलेले संकट ओढवले. यानंतर काही वर्षे भाकिते जनतेस न कळविता गोपनीय ठेवण्यात आली. भाकीत चुकणे हा शास्त्रातील दोष नव्हे. अनुमानाला मोजणीइतके वजन देऊन त्यावर कारभार विसंबून ठेवणे हा मात्र व्यवहारातील दोष होय, आणि त्याची किंमत भाकीत करणाऱ्याने नव्हे तर शेतकऱ्याने भरली.

१९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. त्याने केवळ चिन्हांवर विसंबून न राहता पूर्वीच्या वर्षांच्या आकड्यांवरून सहसंबंध काढण्याची पद्धत घातली. १९०९ पासून वापरलेल्या त्याच्या सूत्रात हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि झांजिबारचा पाऊस असे घटक होते. बर्फाला सूत्रात स्थान राहिले, परंतु अनेक साक्षीदारांपैकी एक म्हणून. जगाच्या दूरदूरच्या भागांतील वायुभाराचे हे नाते शोधता शोधताच वॉकरला १९२४ च्या सुमारास ‘दक्षिणी आंदोलन’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला महत्त्वाचा सिद्धान्त सापडला.

१९२८ मध्ये हवामानखात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी पुण्यातील इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव चिकटले ते आजतागायत. हिमालयाच्या कुशीतील एका गावाचे नाव दख्खनच्या पठारावरील चौकाला मिळावे, हा या इतिहासाचा एक लहानसा अवशेष आहे.

५

स्वातंत्र्योत्तर काळात दोन्ही रीती आपापल्या वाटेने पुढे गेल्या. सतलजवरील भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. भाक्रा येथे येणाऱ्या वार्षिक पाण्यातील अर्ध्याहून अधिक भाग बर्फ व हिमनद्या यांच्या वितळण्याचा असतो. उंच व दुर्गम खोऱ्यांत नळी घेऊन जाणे सर्वत्र शक्य नसल्यामुळे १९८० च्या दशकात हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने उपग्रहांच्या छायाचित्रांवरून बर्फाच्छादित क्षेत्र मोजून सतलजच्या वासंतिक प्रवाहाचे अंदाज देण्यास आरंभ केला. चर्चची रीत येथे नव्या साधनांनी चालू राहिली आहे.

ब्लॅनफोर्डची रीतही उपग्रहांमुळे पुनरुज्जीवित झाली. १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ला यांनी १९६७ ते १९७५ या वर्षांतील उपग्रहांच्या नोंदींवरून युरोप-आशिया खंडावरील हिवाळी हिमाच्छादन आणि भारतातील पाऊस यांत व्यस्त संबंध दिसतो असे दाखविले. बर्फाचा पृष्ठभाग ऊन परतवितो; बर्फ वितळविण्यात उष्णता खर्च होते; वितळलेल्या पाण्याने जमीन ओली राहते. त्यामुळे भूखंड उशिरा तापतो आणि समुद्रावरील वाऱ्यांची ओढ मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९८८ पासून हवामानखात्याने वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांच्या सोळा घटकांच्या सूत्रानुसार भाकिते दिली. त्या घटकांत हिमालयातील बर्फ व युरोप-आशियातील बर्फ या दोहोंचा समावेश होता. २००२ मध्ये या सूत्राने सर्वसाधारण पाऊस वर्तविला, परंतु प्रत्यक्षात देशाचा पाऊस सरासरीच्या ८१ टक्केच झाला आणि पुढील वर्षी सूत्र बदलण्यात आले. आज भाकिताची मुख्य भिस्त समुद्र व वातावरण यांच्या संगणकीय प्रतिमानांवर आहे. तथापि २०२४ व २०२५ च्या एप्रिलमधील निवेदनांतही हवामानखात्याने उत्तर गोलार्धातील बर्फ सरासरीहून कमी असल्याचा अनुकूल चिन्ह म्हणून उल्लेख केला. ब्लॅनफोर्डच्या निरीक्षणाचे हे सुमारे एकशे चाळीस वर्षांचे आयुष्य आहे.

६

आता किनवटकडे वळावे. देशाच्या सरासरीचे भाकीत अचूक ठरले तरी त्यावरून पैनगंगेच्या पाण्याचे भाकीत होत नाही. संपूर्ण देशात सरासरीइतका पाऊस पडूनही एका तालुक्यात दुबार पेरणीची पाळी येते आणि शेजारच्या तालुक्यात पूर येतो. किनवटपाशी येणाऱ्या पाण्यात इसापूर धरणातून सोडलेले पाणी, धरणाखाली येऊन मिळणाऱ्या कयाधूचे पाणी आणि आसपासच्या डोंगरांवरील ओढ्यांचे पाणी असे तीन भाग असतात. यांपैकी पहिला भाग माणसाच्या निर्णयावर अवलंबून आहे, उरलेले दोन त्या त्या दिवसाच्या पावसावर. म्हणून पावसाळ्यातील पूर्वसूचना येथे तासांची किंवा फार तर काही दिवसांची असते. देशात पुराच्या पूर्वसूचनेचे शास्त्रीय काम १९५८ मध्ये दिल्लीपाशी यमुनेवर सुरू झाले. त्याचे तत्त्व वरच्या ठाण्यावरील पाण्याची पातळी पाहून खालच्या ठाण्याला इशारा देणे हे होय. पैनगंगेवर पावसाळ्यात हेच तत्त्व लागू पडते.

मग चर्चच्या रीतीला दख्खनमध्ये काही स्थान नाही काय? येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. चर्चच्या रीतीचा गाभा बर्फ हा नसून साठा हा आहे. पडून गेलेले, परंतु अद्याप न वाहिलेले पाणी जेथे असेल तेथे ती लागू पडते. दख्खनमध्ये असे पाणी एप्रिलमध्ये नसते, परंतु ऑक्टोबरमध्ये असते. ते धरणांत असते, तळ्यांत असते आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित असे काळ्या खडकाच्या भेगांत व मुरमाच्या थरात असते. हिवाळ्यात ओढ्यांना जी धार राहते ती याच भूजलाची. पर्वतावरील बर्फ जसा वसंतात हळूहळू नदीस मिळतो तसेच हे पाणी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत झिरपत असते.

महाराष्ट्रातील व्यवहारात हे तत्त्व, त्याच्या मूळ घराण्याची ओळख न ठेवता, रुजलेही आहे. धरणांतील १५ ऑक्टोबरचा उपयुक्त साठा हा पुढील आठ महिन्यांच्या पाणीवाटपाचा आधार मानला जातो. इसापूरचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. रब्बी व उन्हाळी पाळ्या किती द्यावयाच्या हे त्यापैकी ऑक्टोबरात किती भरले त्यावरून ठरते. त्याचप्रमाणे १९७२ च्या सुमारास स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते, आणि त्यावरून कोणत्या भागात टंचाई केव्हा जाणवेल याचा अंदाज देते. निश्चित जागा, दरवर्षीचे माप, सरासरीशी तुलना आणि तीवरून पुढील ऋतूचे अनुमान: माउंट रोझवरील लॅटिनच्या प्राध्यापकाने घालून दिलेली हीच ती चौकट होय. नळीच्या जागी दोरी व फीत आली, बर्फाच्या जागी विहीर आली.

फरक एक आहे आणि तो ध्यानात ठेवला पाहिजे. पर्वतावरच्या बर्फात माणूस हात घालत नाही. विहिरीतील पाणी तो उपसतो. चर्चच्या ठेवीवर ऊन आणि वारा एवढेच वाटेकरी होते. ऑक्टोबरच्या विहिरीवर मात्र गहू, हरभरा, ऊस, गावची नळयोजना आणि शेजारची कूपनलिका असे अनेक वाटेकरी असतात. तेव्हा येथील भाकीत हे केवळ निसर्गाचे भाकीत राहत नाही. ते काही अंशी गावाच्या वर्तनाचे भाकीत होते. म्हणून ऑक्टोबरचा आकडा तालुक्याच्या कार्यालयात राहून उपयोगाचा नाही. रब्बीचे पीक ठरण्यापूर्वी तो गावात पोहोचला पाहिजे, आणि ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना तो समजेल अशा भाषेत पोहोचला पाहिजे.

या इतिहासातून दोन शब्दांमधील भेद स्पष्ट होतो. जून महिन्यात पैनगंगेविषयी जे सांगितले जाते ते अनुमान असते, मग त्याचा आधार हिमालयातील बर्फ असो की संगणकाचे प्रतिमान. ऑक्टोबरात जे सांगता येते ते मोजणीवर उभे असते. पहिल्याचा उपयोग सावधगिरीसाठी करावा, दुसऱ्याचा नियोजनासाठी. १८९९ साली या दोहोंची गल्लत झाली आणि तिचे परिणाम देशाने भोगले. किनवटसारख्या प्रदेशात, जेथे कापूस, ज्वारी व तूर यांची बहुतेक पेरणी आजही पावसाच्या भरवशावर होते, तेथे ही गल्लत पुन्हा न होऊ देणे हाच या इतिहासाच्या अभ्यासाचा व्यवहारातील उपयोग होय.